हळद लागलेली पलटण

आधी मला दिसलं ते एवढंच, की मेजावरच्या शिपायाच्या हिरव्या तुऱ्याचं टोक पिवळं झालंय. हसू नका, ते शिपाई आमच्या इतिहासाच्या सरांचे होते. नेपोलियनच्या हलक्या पायदळाचे, बोटभर उंचीचे, शिशाचे. सरांनी जुनी चित्रं बघून बटण न् बटण रंगवलेलं. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी नावांच्या चिठ्ठ्या करायला माझ्याकडे दिले, तेव्हा म्हणाले, "बाकी काही नाही, रंग जपा."

मी तुऱ्यावरून बोट फिरवलं, तर बोटही पिवळं. मग लक्षात आलं, मेजावर हा एकटाच आहे. बाकीची पलटण गायब.

वर्ध्याला मी काकूकडे राहायचे. दार सताड उघडं. मी धावत जाऊन रस्त्यावर चोर दिसतो का पाहिलं. "काकू," मी हाक मारली. पुन्हा मारली. मग किंचाळलेच.

शेवटी देवघरातून आवाज आला, "काऊन बोंबलून राह्यली? पूजेत बोलत नाई मी. दरसाली दसऱ्याले नुसता विळा पुजतो आपण. यंदा घरात बंदुकवाले आले, त्याईले हळद-कुंकू नको? तिथं एकाचं कुंकू राह्यलं, त्याले घेऊन येजो."