गुरुजींच्या जागी

अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत वनमाला ऑडिशनसाठी ताटकळत बसली होती. मधल्या सुट्टीत दिग्दर्शिका माधुरी आणि आवाज देणारा भीमराज शेजारच्याच बाकावर येऊन टेकले.

"भीमा, ॲनिमेतला हा योद्धा रडत नाही रे. बहीण गेल्यापासून दगड झालाय."

"दगड नाही गं. तो रडला तर धाकट्यांनी कुणाकडे बघायचं? गुरुजींनीच शिकवलंय त्याला."

"स्क्रिप्टमध्ये कुठंय हे?"

"नसेल."

"आणि गुरुजी मरतात तिथे तू काय म्हणालास?"

"'गुरुजी, उठा.'"

"नाही. तिन्ही टेकला 'आप्पा, उठा' म्हणालास."

"कायतरीच!"

"ऐकवू?"

"नको."

"वडिलांना जाऊन किती दिवस झाले?"

"परवाच आप्पांचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला. धाकटे धाय मोकलून रडले. मी खुर्च्या लावत होतो."

"घरी जा आज."

"नको, एक टेक घे."

दोघं आत गेली. कंट्रोल रूमचं दार उघडंच राहिलं. वनमालाला ऐकू आलं, "गुरुजी, उठा." आवाज अगदी कोरडा.

"झकास! मग आधीचे तिन्ही पुसते."

"एक ठेव ना, यार. घरी मी हाक मारलीच नाही."