तारीख न दाखवणारा डबा

न्हाई सहादेव, ती कांडी नको, यूट्यूब टीव्हीवर दाखवणारा तो डबाच दाखव — टीव्हीच्या मागं चपटं भोक हाय, बघून आलेय मी. नेट मोबाईलचं देईन. अन् बोलून लावायचा रिमोट नको, भिंतीपल्याड ऐकू जातं. कुणाला म्हणून काय विचारतोस, मच्छिंद्रभाऊंना. टीव्ही माझा, पण बघणार त्यांची गोजरबाई. त्यांच्या घरातल्या टीव्हीचं तोंड भिंतीकडं केलंय — त्यांच्या लेकीनं, निकितानं, पळून जाऊन लग्न केलं तेव्हापासून. नुसतं बोलून थांबले न्हाईत ते, जित्या पोरीचं दहावं घातलं, घास ठेवला. कावळा लगेच शिवला, हे वर गावभर सांगतात.

आता तुला म्हणून सांगते, बाहेर जायला नको — ती पोर तिकडं लांब नांदती अन् यूट्यूबवर सैपाक दाखवती. शेंगोळे, मासवडी, सगळं आईच्या हातचं. गोजरबाई डाळ निवडायच्या निमित्तानं माझ्याकडं येती, माझ्या मोबाईलवर बघती. पण डोळ्यांना बारकं दिसंना. म्हणली, पोरीचं तोंड एकदा परातीएवढं दिसू दे. म्हणून आले.

लाव बरं तुझ्या टीव्हीला — हां, हीच आमची निकिता. नवा व्हिडिओ कुठला म्हणतोस? नवा न्हाई रे. संक्रांतीपासून तिनं काही टाकलंच न्हाई. फोन लावते तर बंद. पत्ता कुणी घेतलाय? कुणाला विचारू — मच्छिंद्रभाऊंना? त्यांनी तर घास ठेवलाय. मग मी काय करते, जुनेच फिरवून लावते अन् म्हणते, आजच टाकलाय. चौथी शिकलेली हाय गोजरबाई, वाचती — म्हणून तारखेवर अंगठा धरते. टीव्हीवर कुठं धरू? तारीख न दाखवणारा डबा हाय का तुझ्याकडं? महागातला असंल तरी चालंल.

नीट चाललं होतं रे. पण परवा माझ्या हातून हुरड्याचा लागला. भर आखाडात हुरडा. जन्म रानात गेलेली बाई ती — हिरवीगार कणसं गॅसवर भाजतेय पोर, अन् ही बघतेय. मी आपली म्हणते, शहरात काय, बारमाही मिळतं सगळं. ती म्हणली, व्हय. अन् निवडलेलीच डाळ परत सुपात घेतली. जाताना उंबऱ्यात थांबली. म्हणली, "पोरीनं हुरडा चांगला भाजलाय. उद्या बी ह्योच लावा."

थांब, हे खाली काय आलं? सहा महिन्यांपूर्वी — केवढं मोठं अक्षर ते. जात न्हाई? त्या दुसऱ्यात? त्यात बी न्हाई?

बरं.

बांध हाच. तोंड परातीएवढं बघायचंय तिला, तारीख बी तेवढीच बघंल. बांध म्हणते ना — अन् काही बोलू नको आता.