मुंग्यांची पावडर

दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या. दुकानदाराशी त्यांचं चाललं होतं.

"मुंग्यांच्या पावडरीचा हा तिसरा डबा, भाऊ. काडीचा उपयोग नाही."

"उंबऱ्याला सलग ओळ ओढता ना?"

"अगदी सलग! पण कामावरून येते, तर मधोमध दोन बोटं जागा ओल्या फडक्याने पुसलेली. आणि आत साखरेचे दाणे."

"दिवसभर घरात कोण असतं?"

"सासरे. एकटेच. ते कशाला पुसतील? उलट मुंग्यांची सगळी खबर तेच देतात. काल म्हणाले, आज मंडळींना यायला पाऊण तास उशीर झाला, जिवाला नुसता घोर."

दुकानदाराने काढलेला डबा काउंटरवर ठेवला, पण त्यावरचा हात उचलला नाही.

"मग वहिनी, डबा देऊ?"

"झुरळांचा द्या. ती न बोलावता येतात."