टाळूवरचा लाल उजेड

(सुलतानपूर. दुपार. उत्तमराव आणि त्यांची बायको गीताबाई यांच्या घराची ओसरी. मुलगी अनुपमा पुण्याहून आत्ताच आली आहे; बॅग अजून दारातच.)

अनुपमा : आधी मला हे सांगा, आईच्या टाळूवरचे केस कोणी भादरले?

उत्तमराव : पाणी पी. घरात पाय ठेवला नाही तं पंचनामा चालू.

अनुपमा : आप्पा, तळहाताएवढी जागा पार गुळगुळीत केलीय.

गीताबाई : मी पदर घेते ना बाई. दिसत नाही कोणाले.

उत्तमराव : केस आडवे आले तं उजेड आत कसा जाईन? एवढी शिकलेली तू, तुले सांगा लागते? लेझर चालू आहे तिले, मेहकरले. आठ बैठका झाल्या, चार राह्यल्या.

अनुपमा : कसला लेझर?

उत्तमराव : तुहाच.

अनुपमा : माझा?

उत्तमराव : हे घे पत्रक. फोटोतली बाई ओळखू येते का पाह्य.

अनुपमा : ‘विस्मरणाच्या गाठी लेझरने विरघळवा. सुलतानपूरच्या शास्त्रज्ञ अनुपमाताईंचे जगन्मान्य संशोधन, आता मेहकरात.’ हा गावानं केलेल्या माझ्या सत्काराचा फोटो आहे! शालीसकट!

उत्तमराव : नारळ बी आहे हातात. बरा आला फोटो.

अनुपमा : जगन्मान्य म्हणे. आमच्याच प्रयोगशाळेच्या इमारतीत खालच्या मजल्यावर कोणाला माहीत नाही मी काय करते ते. यंत्र कसलं आहे?

उत्तमराव : हेल्मेटसारखं. आतून बारके बारके लाल दिवे. तठले जीवन सर स्वतः बसवतात डोक्यावर, अन् भजन लावतात.

अनुपमा : वा! मंडपातली दिव्यांची माळ हेल्मेटात चिकटवली, झाला लेझर. आप्पा, तुम्ही चाळीस वर्षं कृषी केंद्र चालवलं. बियाण्याच्या पिशवीवर छापलेलं एक अक्षर कधी खरं मानलं नाही. कंपनीच्या माणसाला दुकानातून हाकलून द्यायचात. आणि या जीवन सरांपुढे मुकाट डोकं दिलंत. तेही आईचं.

उत्तमराव : कंपनीच्या पत्रकावर माह्या पोरीचा फोटो नव्हता.

गीताबाई : गरम लागते थोडं. थंडीत बरं वाटते.

अनुपमा : नीट ऐका. या आजारात मेंदूमध्ये प्रथिनांच्या गुठळ्या होतात. तशाच गुठळ्या आम्ही काचेच्या नळीत बनवतो. त्यात एक औषध घालतो, ते गुठळीला चिकटतं. मग लेझर पाडला की गुठळी सुटते. नळीत, आप्पा! नळीला कवटी नसते, केस नसतात, आणि तिला कोणी एसटीत बसवून मेहकरला नेत नाही.

उत्तमराव : अस्सं. म्हंजे सहा वर्षं तू नळीले बरं करून राह्यली. मंग, काही आठवलं का नळीले?

अनुपमा : आप्पा…

उत्तमराव : नाही, इचारतो आपलं. अन् कवटी मधात येते हे तुले आता कळलं? ती तं पह्यलेपासूनच होती मानसायले.

अनुपमा : माझी बातमी छापणाऱ्या पेपरवाल्याला मी ‘नळीत’ असं स्वच्छ सांगितलं होतं. त्यानं नेमका तेवढा एकच शब्द गाळला.

उत्तमराव : त्यानं गाळला. सत्काराच्या दिवशी माइक कोणाच्या हातात होता? सरपंच मनले, ‘आता कोणाची माय कोणाले इसरणार नाही.’ लोकायनं टाळ्या पिटल्या. तू काय मनली?

अनुपमा : …आभार मानले.

उत्तमराव : हाव. शाल सावरली अन् आभार मानले. मी पह्यल्या रांगेत होतो. बाजूले तुही माय. तठीच ठरवलं मी.

अनुपमा : लोक इतके खूश होते. मला वाटलं, कोण एवढं मनावर घेणार आहे?

उत्तमराव : बरोबर वाटलं तुले. बाकी कोणीच नाही घेतलं. मी घेतलं.

अनुपमा : पण आठ वेळा? एकदाही शंका आली नाही?

उत्तमराव : तिसऱ्या बारीलेच आली. लाईन गेली, दिवे इझले, तरी जीवन सर म्हणते, ‘हलू नका, किरण आत काम करून राह्यले.’ मी काही एवढा येडा नाही.

अनुपमा : मग पुढच्या पाच बैठका कशासाठी?

उत्तमराव : चौथ्या बारीले त्यानं हिले इचारलं, हे बाजूले कोण बसले? दर खेपेले इचारते तो. दर खेपेले ही म्हणे, ‘घरचे.’ त्या दिवशी ही मनली, ‘उत्तमराव.’ चव्वेचाळीस वर्षांत एकदा बी माह्यं नाव घेतलं नाही हिनं. मतदार यादीवाला आला तरी शेजारणीले सांगाले लावे.

गीताबाई : अवं माय! मी कशाले घेईन नाव?

अनुपमा : आप्पा, ते लेझरनं नाही झालं. या आजारात जुन्या सवयी सुटत जातात. भीडसुद्धा सुटते.

उत्तमराव : असं का. आता तू सांगतलं म्हणून मालूम झालं. नसतं सांगतलं तरी चाललं असतं.

अनुपमा : अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरांचं नाव मी केव्हाच कळवलं होतं. तिथं एकदाही नेलं नाहीत.

उत्तमराव : तो जे सांगन ते मले ठाऊक आहे. मले दुसरं काही सांगणारा पायजे होता. तो मेहकरले भेटला.

गीताबाई : मले इचारा ना कोणी. डोकं तं माह्यं आहे.

अनुपमा : सांग, आई.

गीताबाई : त्या टोपल्यानं काही होत नाही बाई. पण पह्यले हे एसटीत चढले का पुढं जाऊन मानसायच्यात बसत. मी मागं, पिशव्यायसंग. आता माह्याजवळ बसतात. हात धरून. म्हणून जातो आम्ही.

उत्तमराव : मधातच कुठं उतरून जाशीन, म्हणून धरतो.

गीताबाई : धरता ना पण?

अनुपमा : मग तसाच धरा आणि सोमवारी अकोल्याला चला. मी येते बरोबर. मेहकरला मात्र मी एकटी जाईन आणि हे पत्रक बंद करायला लावीन. रविवारी ग्रामपंचायतीतही सांगते, जे तेव्हा सांगायचं राहिलं.

उत्तमराव : टाळ्या नाही भेटाच्या.

अनुपमा : नकोत.

उत्तमराव : अन् मले एक सांग. नळीतलं हे तुह्यं काम मानसाच्या डोक्यापर्यंत पोचाले किती वर्षं लागतीन?

अनुपमा : दहा. पंधरा. कदाचित नाहीच पोचणार. खोटं कशाला सांगू? आईसाठी तर नाहीच, आप्पा.

उत्तमराव : हिच्यासाठी नाही इचारलं मी.

अनुपमा : मग?

उत्तमराव : तू सगळी हिच्यावर गेली, म्हणून इचारलं.