पोलीस दोनदा आले तर

मंडळी, आपण सगळे सुगुणाच्या शोकसभेला जमलो आहोत. माझ्याच्याने बोलवत नाही. पण गप्प बसून तरी कुठे चैन पडतंय? मी शारदामामी, तिच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. चुकलंमाकलं तर नंतर रागवा.

सगळे म्हणतात, सुगुणा गच्चीवर सांडगे घालायला निघाली आणि जिन्यावरून पडली. असेल. पण त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. ढगाळ दिवशी सांडगे कोण घालतं हो? तिला उचलून नेल्यावर मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. पीठ भिजवलेलं नव्हतं, मिरच्या नव्हत्या, परात कोरडी. मग ती काय घालायला निघाली होती? माधवराव, तुम्ही तिचे यजमान. तुम्हीच सांगा. नाही? बरं.

गेल्या वर्षी हाच नवरा तिला मारत होता तेव्हा पोलिसांना फोन कोणी केला, माहीत आहे? मी केला. पोलीस आले, समजावून गेले. आठवड्याभरात आपल्या मराठी समाजाच्या कमिटीची, म्हणजे घरमालकाचीच, ताकीद देणारी नोटीस आली. मारणाऱ्याला? छे! घराला. ‘ज्या घरी पोलीस दोनदा येतील, त्या घराने महिन्याभरात जागा सोडावी.’ या तमिळ मुलखातल्या आपल्या बारा मराठी घरांच्या भाडेकरारात हे कलम आहे. दारुडे, जुगारी येऊ नयेत म्हणून घातलेलं. तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होते. मार खाणारीचंच घर जाईल, हे सुचलं नाही. की सुचलं होतं कोणाला? मला आता तोही संशय येतो.

नोटीस घेऊन सुगुणा माझ्याकडे आली. म्हणाली, “मामी, पुन्हा फोन करू नका. तिरुनीलक्कुडी गावातलं माहेरचं घर विकलं गेलं. पोरीला घेऊन मी कुठे जाऊ?” मी म्हटलं, “अगं, आणि त्याने जीव घेतला तर?” तिने नोटीस घडी करून कमरेला खोचली. मी मूर्ख, तिचं ऐकलं.

त्यानंतर मार खाताना ती ओरडली तरी मराठीतच ओरडायची. समोरच्या तमिळ घरांना कळलं तर ते फोन करतील, पोलीस येतील, घर जाईल. पडली त्या दुपारीही मराठीतच ओरडली. पोलिसांनी समोरच्यांना विचारलं. ते बिचारे खरं बोलले, आवाज आला, भाषा कळली नाही. मग पोलीस आपल्याकडे आले. आपण काय सांगितलं? काही ऐकलं नाही! बारा घरं, बाराही बहिरी! मीसुद्धा तेच सांगितलं. साक्ष दिली की पोलीस माझ्याही दारी पुन्हा येणार, माझंही घर जाणार, ही भीती. लाज वाटते मला.

मी ऐकलं होतं. ती म्हणत होती, “ढकलू नका हो, पोर बघतेय.”

ती पोर आठ वर्षांची आहे. तिला अजून त्याच घरात ठेवायचं?

आता सुगुणासाठी दोन मिनिटं उभे राहू या. नंतर मी इथून सरळ पोलीस स्टेशनात जाणार आहे. ती जे मराठीत म्हणाली, ते तमिळमध्ये लिहून देणार आहे. ज्यांना खरंच काही ऐकू आलं नाही, त्यांनी दोन मिनिटांनी खुशाल खाली बसावं. ज्यांनी ऐकलं, त्यांनी उभंच राहावं.