डेल्मरची पडवी

हो, तोच डेल्मर. डेल्मर प्रुइट, पशुखाद्याचा दुकानवाला. पण आज कोर्टात तो नाही येणार. किती वेळा सांगू, मॉडीन? आज दुसरा न्यायाधीश आहे, परक्या काउंटीतला, त्याचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही. नीट बस. पर्स मांडीवर घे. कुणी नेत नाही ती.

आपला आमदार होता ना तो — दर शनिवारी सकाळी घराच्या मागच्या पडवीत बसायचा, आणि अख्खी काउंटी गाऱ्हाणी घेऊन तिथं. कुणाचा रस्ता खचलाय, कुणाची पेन्शन अडलीय. पुढच्या दाराची घंटा वाजवायची ती विमा विकणाऱ्यांनी, आपण नाही. ओढ्यावरचा पूल कुणी करून दिला? त्यानंच. मी म्हटलं, डेल्मर, माझी बायको रविवारी बूट हातात घेऊन ओढा उतरते आणि ओल्या पायांनी चर्चमध्ये बसते, काही वाटतं का तुला? तू शेजारीच होतीस, मला कोपर मारलंस. तो हसला, कानावरची पेन्सिल काढली, आणि पुढच्या उन्हाळ्यात पूल झाला! मग राजधानीच्या, माँटगोमेरीच्या खेपांना कंटाळला. म्हणाला, आता रोज आपल्या बिछान्यात झोपायचं, आणि काउंटीच्या न्यायाधीशपदाला उभा राहिला. वकिली कुठं शिकलाय तो? पण इथं मतं पडली की झालं. त्याची पाटी आपल्या अंगणात मीच ठोकली. मृत्युपत्रं बघायची, लग्नाचे परवाने द्यायचे, आणि — आणि म्हाताऱ्या माणसांचं काय ते ठरवायचं.

तर मी गेलो. का नाही जायचं? मी कुणाच्या दारात कधी भीक मागितली नाही, पण ती पडवी काय कुणाचं दार आहे? अंजिराच्या मुरंब्याची बरणी नेली — तू केलेला, शेवटची बरणी होती. म्हटलं, डेल्मर, ती शेरिल — अगं, तुझ्या बहिणीची मुलगी, तीच — ती तुझ्या कोर्टात अर्ज करून बसलीय, म्हणते हर्शेलच्यानं मावशीला सांभाळणं होत नाही. तिला जरा गप्प बसव. एवढंच बोललो. तर त्याचा चेहरा असा उतरला, जणू मी बंदूकच काढली. बरणी उचलून माझ्या हातात परत दिली. ‘हर्शेल, पुढं एक शब्द बोलू नकोस. आमदार होतो तेव्हा ऐकत होतो. आता जे बोलायचं ते कोर्टात, शेरिलच्या समोर. घरी जा.’ मला सांगतो, घरी जा! मला वाटलं, आतून बायको ऐकत असेल म्हणून म्हणतोय.

कशाचं काय! काळा झगा चढवून आला आणि भर कोर्टात म्हणाला, यातला एक माणूस माझ्या घरी येऊन बोलून गेला, आता हे प्रकरण मी चालवू शकत नाही. शेरिलचा वकील मान खाली घालून हसला. पडवी तीच, खुर्ची तीच, माणूस तोच — मला काय ठाऊक, झगा घातला की त्याच्याशी बोलणंच गुन्हा होतो? डेल्मर तुला ओळखत होता गं. तुझ्या हातचं खाल्लंय त्यानं. हा नवा काय ओळखणार? तो विचारणार, शेगडी कुणी चालू ठेवली. विचारू दे. शेगडी मीच ठेवली, असं सांगितलंय मी. आणि त्या दुपारी तू हमरस्त्यावर गेलीस, गाऊनवर, अनवाणी, ते लाकडाचे ट्रक भरधाव — ते शेरिलला माहीत नाही. मी खुर्चीत झोपलो होतो. जरा डोळा लागला होता, बस. तुला पोचवायला आला त्या ट्रकवाल्याचे मी पाय धरायचे बाकी ठेवले होते, कुणाला बोलू नकोस म्हणून. तूही बोलू नकोस. नाहीतर ते तुला त्या वृद्धाश्रमात —

नाही. कुणी नेत नाही तुला. वृद्धाश्रम कोण म्हणालं? मी नाही म्हणालो. रडू नकोस, मॉडीन, लोक बघताहेत. हे घे, नाक पूस. हा माझा कोट घे अंगावर. कोर्टात फार गार ठेवतात.

ऐक. नव्या न्यायाधीशाला तुला एकच गोष्ट विचारायचीय, आपल्या वकीलबाई म्हणाल्या. तू कुणाजवळ राहणार. तू फक्त माझं नाव घ्यायचं. सोपं आहे. परवा मला डॅडी म्हणालीस ते असू दे, तेव्हा झोपेत होतीस. आता चांगली जागी आहेस. सकाळी अंडं खाल्लंस, केस मी विंचरले — कुणी विंचरले? बघ माझ्याकडे. मी कोण, मॉडीन? एकदा म्हण बघू, हळू म्हण, कुणी ऐकत नाही —

नको. राहू दे. काही म्हणू नकोस. ते दार उघडलं बघ. ऊठ.