झेंडूच्या ओल्या फुलाखाली

हॅलो? … कोण, अक्षता? … अगं रडतेस कशाला? थांब, गॅस बंद करते… हां, बोल. … हळू, हळू.

… काचेची तार? ती केसासारखी, व्हिडिओवर दाखवलेलीस? … हो, हो, खास काच. डोळ्याला न दिसणारा उजेड, साध्या काचेतून लांब जात नाही… हिच्यात एका रंगाचा लेझर सोडला की पलीकडून न दिसणाऱ्या कितीतरी रंगांत पसरून येतो. अगं शंभरदा ऐकलंय. मग? तुटली? … पांढरी पडली? टोकाला?

… पाणी लागून? काचेला पाण्याने काय होतंय? मी रोज ग्लास घासते! … ही काच वेगळी. पाणी खातं तिला. … पण तुमच्या लॅबमध्ये पाणी आलं कुठून?

… काय? … पूजेचं? … अगं बाई. खंडेनवमीचं! … फुलाने शिंपडलंस, आणि तो ओला झेंडू टोकावरच राहिला? दसऱ्याची सुट्टी, कोणी उघडलंच नाही… हो गं, मीच म्हटलेलं. आजोबांनी गिरणीत जन्मभर मागाची पूजा केली, आणि तू एवढ्या मोठ्या मशिनला लांबूनच हात जोडणार का, म्हणून. मीच.

… डॉक्टर आले का? ज्यांना त्या उजेडाने नुसत्या श्वासावरून आजार ओळखून दाखवणार होतात ते? … वाटेत आहेत. आणि सरांना अजून माहीत नाही. … अगं ऐक ना, एसी गळला म्हण. कोण बघायला गेलंय?

… खंडू? एसीवाला? … सुट्टीआधीच साफ करून गेला? … त्याच्यावर जाईल. … नाही, नाही, नको. कोणाच्या पोटावर पाय नको. बरोबर बोललीस.

… नोकरी जाईल म्हणजे? अजून पर्मनंट नाही… हो, कळतंय गं. … अक्षू, सरांना दे फोन. … दे म्हणते ना! मी सांगितलं, मीच बोलते. … लाज कसली त्यात?

… नमस्कार सर. मी सुगंधा, अक्षताची आई. मुलुंडहून. … तब्येत बरी आहे हो. सर, तुमच्या त्या काचेच्या तारेवर पाणी पडलंय. पूजेचं. शिंपडलं तिने, पण माझ्या सांगण्यावरून. रागवायचं तर आधी मला रागवा. … हो, ओलं फूल. … टोक पांढरं झालंय म्हणते.

… काय? आत्ता लेझर चालू करणार होतात? … मग? … जळून गेली असती? अख्खी? … अगं आई! … म्हणजे वेळेवर कळलं. … बरं, आता? … खराब टोक कापून टाकायचं? दुधीचा देठ काढतो तसं? … आणि उरलेली चालेल? … बघावं लागेल. … कापा, कापा. मी थांबते.

…

हॅलो? … झालं? … उजेड दिसणार नाही, ते माहितीये मला! पण स्क्रीनवर त्याची रेघ पसरते, अक्षता म्हणालेली… पसरली? पूर्ण? … मग मागे रडतंय कोण? … अक्षताच? रडू दे, रडू दे. सकाळपासून जीव मुठीत धरून बसलीय पोर.

… काय म्हणता सर? … मी? मी काय शिकवलंय तिला? … नाही हो. खरं बोलायचं वगैरे काही नाही. मी तर सांगत होते, एसी गळला म्हण. … हो, खरंच. तिनेच ऐकलं नाही माझं. … सर, तुम्ही हसताय काय? … ठेवते मी. आता मलाच रडू येतंय.